हारितीचा डबा

माघातल्या पुनवेला कांताबाई कोंबड्याच्याही आधी उठली आणि चोरपावलांनी स्वयंपाकघरात शिरली. आता स्वतःच्याच चुलीपाशी जायला कुणी चोरपावलं टाकतं का? पण कांताबाईला त्या दिवशी टाकावी लागली. ती जे रांधणार होती ते कुणासाठी, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक झालं असतं तर मारोतरावांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

तुरीचं वरण झालं, भात झाला, वांग्याची भाजी झाली, ज्वारीच्या भाकरी झाल्या. शेवटी तिनं गूळ घालून तांदळाची खीर केली आणि हात आखडता न घेता तीत वेलदोडा टाकला. सगळं पाच खणांच्या डब्यात भरलं, कडी लावली, आणि डबा पोत्याआड ढकलणार एवढ्यात मागून सून बोलली.

"आत्या, एवढ्या पहाटी काय करून राह्यल्या? रोडगे तं टेकडीवर भाजाचे हायेत ना?"

कांताबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पण बाई तयारीची. "अवं ममता, भंतेजीसाठी केलं थोडंसं. त्यायचं वय झालं, रोडगे चावतीन का त्यायच्यानं?"

ममताला पटलं. ती रोडग्यांसाठी कणीक भिजवायला बसली. कांताबाईनं मात्र मनातल्या मनात स्वतःचे कान धरले. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तिनं सूर्य उगवायच्या आतच मोडलं होतं.

तिचे मालक मारोतराव म्हणजे बोरदऱ्याच्या विहार कमिटीचे अध्यक्ष. छप्पन साली तेरा वर्षांचे असताना बापासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. आल्या आल्या बापानं घरातले देव टोपल्यात घातले, टोपलं पोराच्या डोक्यावर दिलं आणि पोरानं ते नेऊन नदीत सोडलं. तेव्हापासून ह्या माणसानं कुठल्या दगडापुढं मान वाकवली नाही. बावीस प्रतिज्ञा अशा पाठ की झोपेतून उठवून सतरावी विचारा, घडाघडा सांगतील. मनानं चांगले, दारात आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देणार नाहीत. पण कुणी बाळाच्या गालाला काजळाचं बोट लावलेलं दिसलं, तर आधी अर्धा तास भाषण देतील आणि मगच त्याच बारशाच्या पंगतीला बसतील.

आणि अशा माणसाच्या बायकोनं एकतीस वर्षांपूर्वी, त्यांच्या पाठीमागं, टेकडीवरच्या एका दगडी बाईला शब्द दिला होता. आता बोला!

ती टेकडी गावापासून तीन कोसांवर, देवसिंग नाईकाच्या तांड्याच्या मागं. वर दगडात कोरलेली एक खोली, बाहेर पडवीसारखा ओटा, आत भिंतीला कोरलेली बाई. बसलेली, मांडीवर लेकरू, अंगावर शेंदराचे थरावर थर. तांड्यातले बंजारे तिला 'याडी' म्हणत, म्हणजे आई. बोरदऱ्याचे बौद्ध तिकडं फिरकत नसत. मारोतराव तर तिला 'शेंदराचं पोतं' म्हणायचे.

पंचाहत्तर साली कांताबाईचा राजदीप चार वर्षांचा होता आणि त्याला ताप भरला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, नऊ दिवस. फुलसावंगीच्या डॉक्टरनं औषध दिलं, सुई दिली, आणि म्हणाला आता वाट पाहा. मारोतराव त्या आठवड्यात कसल्याशा परिषदेला यवतमाळला गेलेले. कांताबाई पोराला मांडीवर घेऊन नुसती बसून. तेव्हा तांड्यातली हंसाबाई, देवसिंग नाईकाची बायको, आली. दोघी एकाच वावरात कापूस वेचायच्या, एका ओळीत बोलत बोलत पुढं सरकायच्या, एकीची ओटी भरली नसली की दुसरी आपल्या ओटीतला कापूस तिच्या ओटीत टाकायची. हंसाबाईनं पोराच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ऊठ. चाल मायासंगं. याडीले सांगू."

कांताबाई गेली. काय करणार? आईचं काळीज, त्याला कमिटी नसते. त्या दगडी बाईसमोर उभी राहून ती म्हणाली, "माये, मायं पोरगं वाचव. वाचलं तं मी तुले पोटभर जेवू घालीन."

पोरगं वाचलं. औषधानं वाचलं, का नशिबानं, का कशानं, कांताबाईनं त्याचा कीस काढला नाही. पण दोन दिवसांनी मारोतराव परत आले, भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची नवी चौकट लावली, तिच्यापुढं उभं राहून साऱ्या घराकडून त्या म्हणवून घेतल्या, आणि कांताबाई ज्या पेचात सापडली तो एकतीस वर्षं सुटला नाही. जेवू घालायला गेलं तर धम्माला दिलेला शब्द मोडतो, न गेलं तर त्या बाईला दिलेला. इकडं आड, तिकडं विहीर.

आणि तिची सगळ्यात मोठी धास्ती कोण? हंसाबाई! जगात हे तिला एकटीलाच माहीत. ती चारचौघांत बोलून गेली तर? म्हणून कांताबाईनं तिला टाळायला सुरुवात केली. आधी वावर बदललं. मग फुलसावंगीच्या बाजारात हंसाबाईचा घुंगरांचा घागरा मिरचीच्या ओळीत दिसला की ही कांद्याच्या ओळीत. हंसाबाई लांबून "कांता, ओ कांता" म्हणून हाक मारायची आणि हिला नेमकं तेव्हाच ऐकू यायचं नाही. काही वर्षांनी हाकाही थांबल्या.

तर असं होतं. आणि मग गेल्या पावसाळ्यात नांदेडकडचे एक म्हातारे भंते वर्षावासाला बोरदऱ्यात आले.

ती दोन वर्षं कापसाची फार वाईट गेली. बोंडअळीनं खाल्लं, उरलं ते पडलेल्या भावानं खाल्लं. गावात गाडी शिरली की ती टीव्हीवाल्यांचीच. कांताबाईचा राजदीप काळी-पिवळी जीप चालवायचा, त्या दोन वर्षांत त्याच्या जीपमध्ये लग्नाची वऱ्हाडं कमी आणि पत्रकार जास्त बसले. ते येत, उदास दिसणारा माणूस शोधत, त्याला आणखी उदास बसायला सांगत आणि जात. एकदा तर त्यांनी गावातल्या उकंडाला सांगितलं, काका जरा हसू नका. उकंडाला जन्मात पहिल्यांदा कुणी कॅमेऱ्यात घेत होतं, त्याला हसू आवरेना, बिचाऱ्याची मुलाखतच रद्द झाली.

भंतेंनी चार महिने हे सगळं पाहिलं. एके दिवशी राजदीप त्यांना सहज टेकडीवर घेऊन गेला आणि ते परत आले ते लहान लेकरासारखे आनंदात. संध्याकाळी विहारात म्हणाले, "अहो, तो विहार आहे! हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा तरी असावा. बाहेर भिक्खूंचे दगडी बाक आहेत. आणि ती मांडीवर लेकरू घेतलेली बाई हारिती आहे. विहाराची राखणदार, लेकरांची राखणदार. आपलीच आहे ती. कापूस वेचून झाला की माघ पौर्णिमेला सगळे मिळून जाऊ, वंदना घेऊ, तिथंच जेवू. फार दिवस झाले, हे गाव एकत्र हसलेलं नाही."

सारा विहार मारोतरावांकडं पाहू लागला. मारोतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आपलं हाय तं आपुन जाऊ," ते म्हणाले. "पन तो शेंदूर पहिले खरवडा लागन."

"शेंदूर राहू द्या," भंते हसून म्हणाले. "त्याच्याखाली नाकडोळे शाबूत राहिलेत."

मागं बायकांत बसलेल्या कांताबाईच्या मात्र अंगावर काटा आला होता. आपली! ती बाई आपली निघाली! त्याच रात्री तिनं ठरवलं, ह्या पुनवेला शब्द फेडायचा. कुणाला कळू न देता, सगळे वंदनेत असताना, गुपचूप ताट ठेवून यायचं. सत्तावन्न वर्षांची झाले, गुडघे बोलायला लागले, आता नाही तर कधी?

निघायचं होतं सकाळी आठला. एका काळी-पिवळीत माणसं किती बसावीत? आत चौदा, मागं लटकलेले चार, टपावर कणकेचं पातेलं, गोवऱ्यांची दोन पोती आणि उकंडा. भंते पुढं, त्यांच्याशेजारी मारोतराव. कांताबाईनं डबा सीटखाली दोन पायांमध्ये धरलेला.

"हा डबा कायचा वं?" राजदीपनं आरशातून विचारलं. "टपावर ठेव ना माय, पाय मोकळे कर."

"तुया कामाकडे पाह्य," कांताबाई खेकसली, "आन गाडी नीट चालव."

राजदीप गाडी नीटच चालवत होता, पण तांड्याच्या अलीकडच्या नाल्यात मागचं चाक बसलं. जॅक काढला तर तो चालेना. मग अठरा माणसं खाली उतरली, ढकलायला लागली, टपावरच्या उकंडाला उतरायचं सांगायचं राहूनच गेलं आणि तो वरून सगळ्यांना जोर लावायला सांगत बसला. गाडी निघाली तेव्हा साडेदहा वाजून गेलेले.

टेकडी चढून वर पोचले तो सव्वाअकरा. आणि ओट्याच्या पायरीवर कोण बसलेलं? हंसाबाई!

केस पांढरे झालेले, हातांत कोपरापर्यंत बांगड्या तशाच, मांडीवर फडक्याचं गाठोडं. दर पुनवेला ती याडीकडं येते हे कांताबाईला ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर तिनं आजारी पडायचं सोंग घेतलं असतं. तिचे पाय जागीच थबकले. आता ही म्हातारी तोंड उघडणार. राम राम म्हणणार आणि पुढचं वाक्य तेच असणार. पण हंसाबाईनं आलेल्या गर्दीकडं पाहिलं, कांताबाईकडं पाहिलं, आणि एक शब्द न बोलता गाठोडं उचलून आतल्या खोलीत जाऊन बसली.

कांताबाईचा जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही, कारण आता ताट ठेवायला गुपचूप आत जायचं कसं?

वंदना झाली. टेकडीवर एवढ्या गळ्यांतून 'बुद्धं सरणं गच्छामि' उमटलं तेव्हा मारोतरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी धुळीच्या नावावर पुसले. इकडं ममतानं गोवऱ्या पेटवल्या होत्या. पण नाल्यातल्या ढकलाढकलीत एक पोतं पाण्यात पडलं होतं, त्यातल्या ओल्या गोवऱ्या नुसता धूर ओकत होत्या. रोडगे वरून काळे, आतून कच्चे. वरणाला आधणच नाही.

 भंतेंनी एकदा मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. आणि मारोतरावांनी त्यांना पाहताना पाहिलं.

"किती वाजले?" त्यांनी राजदीपला दबक्या आवाजात विचारलं.

"साडेअकरा गेले."

मारोतरावांचा चेहराच उतरला. भिक्खू बाराच्या आत एकदा जेवतो, बारा वाजल्यावर अन्नाला हात लावत नाही. म्हणजे आणखी पंचवीस मिनिटांत भंतेंना जेवू घातलं नाही तर हा म्हातारा माणूस उद्या सकाळपर्यंत उपाशी. आणि कुणामुळं? बोरदरा विहार कमिटीमुळं! "अरे फुंका ना! काय पाहत बसले बे सगळे?" म्हणून ते स्वतःच चुलीत फुंकायला वाकले आणि धुरानं खोकून खोकून बेजार झाले.

तेवढ्यात ममताला आठवलं. "बाबा, कायले घाबरता? आत्यानं भंतेजीसाठी येगळा डबा आनला ना! पहाटीच केला त्यायनं."

सगळ्या माना एकदम वळल्या. ओट्याच्या कोपऱ्यात कांताबाई डबा पदराखाली धरून बसलेली.

"अरे वा!" मारोतरावांचा चेहरा उजळला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोकडं इतक्या कौतुकानं क्वचित पाहिलं असेल. "राजदीपची माय, लय हुशार तू! आन तो डबा, वाढ भंतेजीले."

कांताबाई उठली नाही.

"आन ना वं! टाइम चालला."

"हा डबा देता येत नाई," कांताबाई म्हणाली.

"काहून?"

पहाटे बोललेली एक थाप अशी दुपारी येऊन मानगुटीवर बसली होती. अजूनही डबा पुढं केला असता तर सगळं निभावलं असतं. भंते जेवले असते, नवरा खूश झाला असता, गाव म्हणालं असतं काय बाई आहे. पण एकतीस वर्षांनी एकदा रांधलेलं ते ताट दुसऱ्याच्याच पुढं गेलं असतं. पुढच्या साली आपण असू की नाही, कुणी सांगावं? कांताबाईच्या मनात काय आलं कोण जाणे, ती डबा घेऊन उभी राहिली आणि सगळ्या गावासमोर बोलली.

"हा डबा भंतेजीचा नाई. मी ममताले खोटं सांगतलं. हा तिचा हाय." आणि तिनं आतल्या खोलीकडं बोट दाखवलं.

"कोनाचा?"

"त्या बाईचा. तुमी यवतमाळले गेलते तवा. राजदीप चार वर्षांचा होता, नऊ दिवसाचा ताप, डोळे पांढरे करत होता पोरगा. मी आलती इथं. मी बोलली तिले, पोरगं वाचव, तुले पोटभर जेवू घालीन. तुमाले सांगतलं नाई. तुमच्या प्रतिज्ञा म्हनत होती रोज, आन पोटात हे घेऊन बसली होती. आता काय बोलाचं ते बोला."

राजदीप हातातला बिघडलेला जॅक तसाच धरून उभा होता. मिशीवाला, दोन लेकरांचा बाप, पण त्या क्षणी त्याचं तोंड चार वर्षांच्या पोराचं झालं होतं. बायकांनी पदर तोंडाला लावले. उकंडा पुटपुटला, "आता होते भाषन."

मारोतरावांनी पुन्हा चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्यांनी विचारलं, "काय म्हनलं होतं तू तिले?"

"जेवू घालीन म्हनलं."

"मंग घातलं का?"

"नाई."

"कवापासून?"

"एकतीस वर्षं झाले."

आणि मग मारोतराव जे भडकले! "एकतीस वर्षं? अवं, लाज वाटते का? कोनाले जेवाले घालतो म्हनाचं आन एकतीस वर्षं ताट दाखवाचं नाई? हे कोनत्या धम्मात बसते? नवस मी मानत नाई, कधी मानला नाई, पन शब्द तं मानतो ना मी! बाई असो का गोटा असो, आपल्या घरून उपाशी ठेवाची रीत हाय का? आन मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी वरडले असते."

"वरडलो असतो! मंग? वरडून झाल्यावर मीच आनून देली असती ना भाकर!"

कांताबाई पाहतच राहिली. ज्या भाषणाला ती इतकी वर्षं भीत होती ते हे होतं? ओट्यावर आधी ममताला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच.

भंतेही हसत होते. "मारोतराव, बाईंनी चुकीचं काही केलेलं नाही. हारितीची कथा तुम्हांला पुरती सांगायची राहिली. ती आधी दुसऱ्यांची लेकरं खायची. तिची स्वतःची पाचशे. बुद्धांनी तिचं धाकटं लेकरू भिक्षापात्राखाली लपवलं, तेव्हा ती रडत आली. बुद्ध म्हणाले, पाचशेतलं एक गेलं तर तुला असं होतं, मग ज्यांचं एकच होतं त्यांचं काय? तिला कळलं. ती म्हणाली, आता मी लेकरं राखीन, पण मी आणि माझी पोरं खाणार काय? तेव्हा बुद्धांनी तिला शब्द दिला, माझे भिक्खू जिथं जेवतील तिथं आधी तुझा वाटा काढतील. जुन्या विहारांत असंच चालायचं. आधी तिचं ताट, मग आमचं."

"म्हनजे ही पूजा नोहे?" मारोतरावांनी खात्री करून घेतली.

"पूजा नाही. पंगत."

"मंग बसून काय राह्यली?" मारोतराव पुन्हा बायकोवर ओरडले. "जाय, वाढ तिले! मंग भंतेजीले वाढा लागते. पंधरा मिनटं राह्यले!"

ममतानं पळसाच्या दोन पत्रावळी काढल्या. कांताबाईनं एकीवर भाकर, भात, वरण, भाजी, खीर वाढली, बाकीचा डबा सुनेकडं दिला आणि पत्रावळ घेऊन आत शिरली. एकतीस वर्षांची धाकधूक अशी दोन वाक्यांत संपली होती, तिला हसावं की रडावं कळत नव्हतं.

आत गारवा होता. हारिती तशीच बसलेली, मांडीवर लेकरू. आणि तिच्या पायथ्याशी हंसाबाई गाठोडं सोडून बसलेली. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं असणार. कांताबाईला वाटलं, आता हिच्याशी काय बोलावं? इतक्या वर्षांनी? तिनं खाली पाहिलं आणि तिला दिसलं की दगडी पायथ्यावर हंसाबाईनं दोन भाकरी ठेवल्यात. दोन्हींवर गुळाचा एक-एक खडा.

"दोन?" कांताबाईच्या तोंडून निघालं.

"एक मायी," हंसाबाई म्हणाली, "एक तुयी."

"मायी?"

"मंग काय! तू बोलली ना याडीले, जेवू घालीन म्हनून. मीच तुले इथं आनलं होतं. पहिल्या पुनवेले वाटलं, येशीन तू. दुसऱ्या पुनवेले वाटलं, येशीन. नाई आली. मंग याडीनं का तुया नावानं उपाशी बसाचं? ठेवत गेली मी. मायी एक, तुयी एक."

"दर पुनवेले?"

"दर पुनवेले. एकदा मोठी सून बाळंत होत होती, तवा देवसिंगले पाठवला. त्याले बी सांगतलं, दोन नेजो."

कांताबाई तिथंच तिच्याशेजारी बसली. तिला बाजार आठवला. तो कांदा आठवला, ज्याच्या ढिगाआड ती लपायची. ही बाई तिच्या नावाची भाकर घेऊन टेकडी चढत होती आणि आपण हिला राम राम सुद्धा घालत नव्हतो! जिच्या तोंडाला इतकं भ्यालो तिनं ते तोंड ह्या गोष्टीसाठी एकदाही उघडलं नव्हतं.

"मले काहून नाई सांगतलं वं?" ती रडत म्हणाली.

"सांगू कवा? तू थांबत होती का? मी हाका मारून मारून थकली बाई."

"मले वाटलं, तू सगळ्यायले सांगशीन."

"मी कायले सांगू?" हंसाबाईला खरंच नवल वाटलं. "तुयं नि याडीचं होतं ते."

बाहेरून मारोतरावांचा आवाज आला, "झालं का वं? भंतेजी बसले!" आणि ममताचा, "बसू द्या ना त्यायले जराक, भंतेजीले मी वाढली."

कांताबाईनं डोळे पुसले. खिरीची पत्रावळ त्या दोन भाकरींशेजारी ठेवली. मग तिनं हंसाबाईचा हात धरला, तोच खरबरीत हात, कापसाच्या बोंडांनी टोचून टोचून घट्टे पडलेला, तिच्या स्वतःच्या हातासारखाच. बराच वेळ धरून ठेवला.

"आता पुढच्या पुनवेपासून तुयी तूच आनजो माय," हंसाबाई गुडघे चोळत म्हणाली. "मायाच्यानं आता चढनं होत नाई."

"दोन्ही मीच आनीन," कांताबाई म्हणाली. "तू खाली नाल्यापाशी बसत जाजो. मी वर जाऊन येत जाईन, आन मंग आपुन दोघी जेवू."

बाहेर बारा वाजायला पाच मिनिटं होती आणि भंते खिरीला दुसऱ्यांदा हात लावत होते. राजदीप दारात येऊन उभा राहिला होता. कांताबाईनं त्याला पाहिलं, डोळे वटारले आणि सांगितलं, "तिथं उभा काय राह्यला? ही तुयी मावशी होय. पाया पड तिच्या, आन तिच्यासाठी खीर आन."